ताप नाही, म्हणून आजार नाही?

गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी रोगप्रतिकारशक्ती या विषयावर बोलत होतो. कुपोषणामुळे प्रतिकारशक्ती कशी ढासळते हे सांगून झाल्यावर एका बाईंनी हात वर केला. "सर, आमच्या शाळेत दहावीला एक मुलगी आहे. हुशार आहे, घरची परिस्थितीही चांगली आहे. पण दीड वर्षात तिची नुसती हाडं राहिली आहेत. डबा उघडतच नाही. उघडला तर मैत्रिणींना वाटून टाकते. तरी वर्षभरात एक दिवस गैरहजर नाही. सगळ्या वर्गाला सर्दी-ताप येऊन गेला, हिला साधी शिंकसुद्धा आली नाही. मग तुमच्या नियमात ही कशी बसते?"

माझ्याकडे उत्तर तयार होते. मी म्हणालो, "तुम्ही सांगता तशा लक्षणांचा एक आजार आहे, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. त्यात वजन खूप घटते, तरीही या रुग्णांना जंतुसंसर्ग फारसे होत नाहीत, असे संशोधनात आढळले आहे." बाईंचे समाधान झाले. "म्हणजे निदान त्या बाबतीत तरी काळजी नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र माझाच शब्द मला टोचू लागला. ‘आढळले आहे’ म्हणजे कुठे? कोणाला? कसे मोजून? हे वाक्य मी आढावा-लेखांमध्ये अनेकदा वाचले होते, पण त्यामागचे मूळ शोधनिबंध कधी उघडले नव्हते. पुढच्या काही आठवड्यांत ते काढून वाचले. ते वाक्य पूर्ण खोटे नाही. पण ज्या रूपात ते सांगितले जाते, आणि त्या दिवशी मी सांगितले, त्या रूपात ते धोक्याचे आहे. ते कसे, हे आपण क्रमाने पाहू.

आजार कोणता?

१८७३ मध्ये पॅरिसचे शार्ल लासेग आणि लंडनचे विल्यम गल या दोन डॉक्टरांनी या आजाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांनी दिले. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे. पण हे नाव थोडे फसवे आहे, कारण निदान सुरुवातीला तरी भूक मेलेली नसते, ती दाबलेली असते. वजन वाढण्याची तीव्र भीती आणि आपण जाड आहोत ही न हटणारी समजूत यांमुळे रुग्ण खाणे कमी करत जातो. बहुतेक रुग्ण किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया असतात. पण मुलांनाही हा आजार होतो.

घरच्यांना हे बहुधा ‘डाएटचे खूळ’ वाटते. तसे ते नाही. २०११ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार या आजारात दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ५ मृत्यू होतात. तरुण वयाच्या मानाने हे प्रमाण फार मोठे आहे. या मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश आत्महत्या असतात. बाकीच्यांमध्ये उपासमारीचे शरीरावर झालेले परिणाम हे मोठे कारण असते. म्हणून ‘या बाबतीत तरी काळजी नाही’ असे सांगण्यापूर्वी पुरावा नीट तपासला पाहिजे.

विधानाचा उगम

या आजारात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. अ‍ॅनोरेक्सियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ही संख्या खालच्या मर्यादेच्याही खाली जाते. कारण अस्थिमज्जेत सापडते. रक्तपेशी जिथे तयार होतात त्या मज्जेचा पोतच दीर्घ उपासमारीत बदलतो. पेशी बनवणारा भाग घटतो आणि त्याची जागा जिलेटिनसारखा पदार्थ घेतो. आहार सुधारला की मज्जा पुन्हा पूर्ववत होते.

पांढऱ्या पेशी कमी, म्हणजे संसर्ग जास्त, असा सरळ हिशेब कोणीही मांडेल. पण १९७८ मध्ये अमेरिकेत दोन डॉक्टरांनी रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला, तो याच्या उलट होता. पांढऱ्या पेशी कमी असूनही संसर्गाचा धोका वाढलेला दिसत नाही, असे त्यांच्या निबंधाचे शीर्षकच सांगत होते. पुढच्या अनेक लेखकांनी हे शीर्षक उद्धृत केले. होता होता ‘वाढलेला दिसला नाही’ याचे ‘वाढत नाही’ झाले, मग ‘या रुग्णांना संसर्ग कमीच होतात’ झाले. मी शिबिरात सांगितले ते हेच तिसरे रूप.

मूळ लेखकांचा यात दोष नाही. जेवढे पाहिले तेवढेच त्यांनी लिहिले. पण त्या पाहण्याच्या मर्यादा लक्षात घेऊ. रुग्णांची संख्या शंभराच्या आत होती. आता एक हिशेब करून पाहा. आकडे काल्पनिक आहेत. समजा, निरोगी तरुण मुलींमध्ये वर्षाला शंभरातील २ जणींना गंभीर जंतुसंसर्ग होतो, आणि अ‍ॅनोरेक्सियात हा धोका दुप्पट होऊन शंभरात ४ होतो. सत्तर जणींच्या गटात अपेक्षित आकडे किती येतील? एकीकडे सुमारे दीड, दुसरीकडे सुमारे तीन. एवढ्या लहान संख्यांत योगायोगानेच इतका चढउतार होतो की दुपटीने वाढलेला धोकाही डोळ्यांत भरणार नाही. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तीन स्पष्टीकरणे

एकदा हे विधान रूढ झाल्यावर त्याची कारणे शोधणे सुरू झाले. मुलांमधल्या कुपोषणाशी तुलना करून हे कोडे मांडले जाई. क्वाशिओरकोर किंवा मरॅस्मस झालेल्या बालकात थायमस ग्रंथी आक्रसते, टी-पेशींचे काम मंदावते, आणि ते मूल अतिसार, न्यूमोनिया, गोवर यांना सहज बळी पडते. मग तितक्याच कृश झालेल्या या मुली का पडत नाहीत?

पहिले स्पष्टीकरण आहाराचे. या रुग्ण तेल-तूप आणि पिष्टमय पदार्थ टाळतात, पण प्रथिने व जीवनसत्त्वे त्या मानाने बऱ्यापैकी खातात. त्यामुळे त्यांचे कुपोषण ऊर्जेचे असते, सर्वांगीण नसते. दुसरे स्पष्टीकरण जुळवून घेण्याचे. उपासमार हळूहळू झाल्याने शरीर खर्च कमी करत जाते आणि प्रतिकारयंत्रणेचे आवश्यक काम बराच काळ टिकवून धरते. या दोन्हींत तथ्य आहे. टी-पेशींच्या चाचण्यांत अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांची स्थिती कुपोषित बालकांपेक्षा पुष्कळदा बरी आढळते. आजार खूप पुढे गेला की मात्र तीही ढासळते.

तिसरे स्पष्टीकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्यालाच सर्वांत कमी जागा मिळालेली दिसते. मेळघाटातील कुपोषित मूल आणि अमेरिकेतील शहरातली सुखवस्तू घरची मुलगी यांच्यात फक्त आहाराचा फरक आहे का? पिण्याचे पाणी, घरातली गर्दी, चुलीचा धूर, लसीकरण, दवाखान्याचे अंतर आणि वयसुद्धा, सगळेच वेगळे आहे. पहिल्या मुलाच्या शरीरात रोज जंतू शिरतात, दुसरीच्या क्वचित. त्यात हा आजार झालेली मुलगी बहुधा एकटी राहू लागते, लोकांत मिसळत नाही. कोणाला किती संसर्ग झाले हे मोजताना कोणाचा किती जंतूंशी संबंध आला हे मोजलेच नाही, तर त्यावरून प्रतिकारशक्तीची तुलना करता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो.

संसर्ग मोजला कसा?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जुन्या नोंदींमध्ये ‘संसर्ग’ कसा लिहिला जातो? रुग्णाला ताप आला, खोकला झाला, घसा सुजला, जखमेत पू झाला, तर डॉक्टर तपासणी करतात आणि संसर्गाची नोंद होते. यांतले काही झाले नाही, तर तपासणीही होत नाही आणि नोंदही.

पण ताप कोण आणतो? जंतू नव्हे, आपणच. जंतू शिरले की मॅक्रोफेज नावाच्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ यांसारखे निरोप देणारे रेणू सोडतात. या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते, आणि त्याच्या प्रभावाखाली मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे ‘ठरलेले’ तापमान वर नेऊन ठेवतो. मग आपल्याला थंडी वाजते, स्नायू थरथरतात, त्वचेकडचे रक्त कमी होते आणि शरीर तापते. हे काम खर्चाचे आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला शरीराला दहा टक्क्यांहून अधिक जादा ऊर्जा लागते. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. सर्दीतले नाक गळणे हेही बरेचसे आपल्याच प्रतिसादाचे फळ. सर्दीचे विषाणू शिरूनही बऱ्याच जणांना काहीच लक्षणे दिसत नाहीत.

म्हणजे ज्यांना आपण आजाराची लक्षणे म्हणतो, त्यांतली पुष्कळशी प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याची लक्षणे असतात. ज्या शरीरात ऊर्जा नाही आणि न्यूट्रोफिल कमी आहेत, तिथे संसर्ग असूनही ताप येणार नाही आणि पूही फारसा होणार नाही. त्यात या रुग्णांचे नेहमीचे तापमानच कमी असते. ज्या मुलीचे रोजचे तापमान ३५.५ अंश आहे, तिचे ३७ झाले तर तिच्यासाठी ती दीड अंशाची वाढ आहे. तापमापक मात्र ‘ताप नाही’ असेच सांगेल.

यंत्रणा कमजोर झाल्याची जी खूण आहे, तीच आपण यंत्रणा सुदृढ असल्याचा पुरावा म्हणून वाचत होतो. घंटा वाजली नाही म्हणून आग लागली नाही असे समजावे आणि घंटेची तार तुटलेली असावी, तसा हा प्रकार.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. २००३ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांना जिवाणूंचा संसर्ग झाल्यावर ताप कमी येतो, असे दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००५ मधील आणखी एका निबंधाचा निष्कर्ष असा होता की या रुग्णांतील जिवाणुसंसर्ग उशिरा ओळखू येतात, आणि या उशिरामुळे गुंतागुंत वाढते. १९७८ च्या शीर्षकाला जितकी प्रसिद्धी मिळाली तितकी या दोन निबंधांना मिळाली नाही. ‘उपाशी मुली आजारी पडत नाहीत’ हे वाक्य चमत्कारिक असल्याने लक्षात राहते. ‘त्यांचा आजार उशिरा कळतो’ हे वाक्य रुक्ष आहे, पण जीव वाचवणारे आहे.

शेजारच्या खोलीतले ज्ञान

सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे हे ज्ञान नवे नव्हते. तीव्र कुपोषित बालकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते चांगले माहीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये तीव्र कुपोषणाच्या उपचारांविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की अशा बालकांत संसर्गाची ताप यांसारखी नेहमीची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. गंभीर संसर्ग झालेले मूल फक्त मलूल आणि झोपाळू होते. म्हणून रुग्णालयात आलेल्या अशा प्रत्येक बालकाला, लक्षणांची वाट न पाहता, प्रतिजैविके द्यावीत असा सल्ला त्यात होता. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांनाही हे पाठ असते.

दुष्काळातही हेच दिसले होते. १९७० च्या दशकात आफ्रिकेतील नायजरमध्ये दुष्काळग्रस्तांना अन्न देणे सुरू झाल्यावर काही दिवसांतच अनेकांना मलेरियाचे झटके आले. परजीवी बहुधा आधीपासूनच शरीरात दबून होते. अन्न मिळाल्यावर ते उघड झाले.

मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करणारे एका खोलीत आणि अ‍ॅनोरेक्सियाचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या खोलीत. मधली भिंत एवढी जाड की गरिबाघरच्या उपासमारीबद्दल जे ठाऊक होते, ते सुखवस्तू घरच्या उपासमारीला लावून पाहायला फार वेळ लागला. शरीराला मात्र उपासमारीचे कारण कळत नाही. अन्न मिळाले नाही की घेतले नाही, यापलीकडे पेशीपर्यंत पोचते ती केवळ टंचाई.

मग खरे काय?

टीका करताना दुसऱ्या टोकाला जाणेही बरोबर नाही. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा पूर्ण कोलमडलेली असते असे म्हणण्याला आधार नाही. ती बदललेली असते. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक टी-पेशींच्या कामावर परिणाम करते. उपाशी उंदरांची मंदावलेली प्रतिकारशक्ती लेप्टिन दिल्यावर सुधारली. अ‍ॅनोरेक्सियात मेद घटल्याने लेप्टिन फार कमी असते. म्हणजे अन्नसाठा किती आहे याची बातमी प्रतिकारयंत्रणेला मिळत असते आणि त्याप्रमाणे ती खर्चाला कात्री लावते.

दुसरीकडे, २०१५ आणि २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत या रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ यांचे प्रमाण सरासरीने वाढलेले दिसले. आधी ताप येत नाही म्हणायचे आणि मग ताप आणणारे रेणू वाढले म्हणायचे, हे विसंगत नाही का? ‘प्रतिकारशक्ती’ ही एकच वस्तू आहे आणि ती तराजूत घालून जास्त की कमी हे सांगता येते, असे धरले तर विसंगत. पण ती अनेक कामांची जुळणी आहे. एक भाग मंद आणि दुसरा किंचित चेतलेला असू शकतो. टीएनएफचे एक जुने नाव ‘कॅकेक्टिन’ होते, म्हणजे शरीर खंगवणारा. हे दोन्ही एकच रेणू आहेत हे १९८५ मध्ये लक्षात आले. तो भूकही कमी करतो. मग हे रेणू आजारामुळे वाढतात की आजाराला हातभार लावतात? एका वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. इथेही घाईने निष्कर्ष काढणारे लेख आहेतच.

या लेखनात आणखी एक निरीक्षण येते. उपचारांनी वजन वाढू लागले की या मुलींना पुन्हा सर्दी-खोकला होऊ लागतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवायला हवे. नाहीतर ‘खात नव्हती तेव्हा ठणठणीत होती, खायला लागली आणि आजारी पडली’ असा अर्थ काढला जाईल. स्वतः रुग्णाला तर असा अर्थ हवाच असतो. खरे पाहता ती सर्दी यंत्रणा पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्याची खूण असू शकते. दुष्काळग्रस्तांच्या उदाहरणावरून दिसते की या काळात दबलेला संसर्गही वर येऊ शकतो. दोन्ही कारणांनी या काळात डॉक्टरांची देखरेख हवी. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून ‘आता जबरदस्तीने खाऊ घालू’ हा घरगुती उपाय करू नये.

वर्गात

यात शिक्षकांचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला शिकवण्यात. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती आणि ‘उपवासाने प्रतिकारशक्ती दुप्पट होते’ असे दावे मुलांच्या कानांवर रोज पडतात. अशा वेळी मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावेत. नेमके काय मोजले? कोणाशी तुलना केली? आणि जे दिसले नाही, ते दिसण्याची सोय होती का? एका तासात हजेरीपट घेऊन हा प्रयोग करता येईल. ‘वर्गात आजारी किती?’ हे फक्त गैरहजेरीवरून काढा, मग प्रत्येकाला प्रत्यक्ष विचारून काढा. दोन आकड्यांतला फरक मुलांना फळ्यावरच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवील.

दुसरा संबंध पाहण्यात. निदान करणे हे शिक्षकांचे काम नाही. पण वर्षभर रोज त्या मुलीला पाहणारे घराबाहेरचे माणूस बहुधा वर्गशिक्षकच असते. झपाट्याने घटलेले वजन, डबा टाळणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, चक्कर येणे, खेळाचा अतिरेक, सगळ्यांपासून दूर होणे, हे एकत्र दिसले तर हजेरी शंभर टक्के आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सगळ्यांसमोर काही बोलू नये, वजनावर शेरे मारू नयेत, ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असे कौतुक तर मुळीच करू नये. एकांतात, आपुलकीने विचारावे, पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे जायला सांगावे. अशी मुलगी एकाएकी मलूल, झोपाळू किंवा गोंधळलेली दिसली, तर तापाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शिबिरातल्या त्या बाईंचा फोन नंबर मी संयोजकांकडून मिळवला आणि माझे उत्तर चुकले होते असे त्यांना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तिच्या आईला ‘सरांनी काळजी नाही म्हटलंय’ असं सांगणारच होते. आता दुसरं काहीतरी सांगावं लागेल." त्याच आठवड्यात त्यांनी आईला शाळेत बोलावले आणि मुलगी डॉक्टरांकडे गेली. पुढची हकीकत सांगण्याचा अधिकार मला नाही.

मात्र एक सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे. ‘संशोधनात आढळले आहे’ असे म्हणण्याआधी, ते आढळण्यासाठी कोणी कुठे पाहिले होते, एवढे तरी मी वाचून घेतो.